सकाळचं पहिलंच आदण का बिघडायचं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा-दूधगंगेला महापूर आला आणि निपाणी तालुक्यातला नदीकाठचा ऊस दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिला. दिवाळी सरली, गुऱ्हाळं पेटली, आणि माझ्या मामाच्या गुऱ्हाळात गूळ बसेना.

गूळ न बसणं म्हणजे काय, हे ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या कढईत, म्हणजे काहिलीत, एका वेळी चढवलेला रस म्हणजे एक आदण. तो आटून पाक झाला आणि गूळ करणाऱ्या कारागिरानं, म्हणजे गुळव्यानं, थेंब पाण्यात टाकून गोळी पाहिली, की काहील उतरवून पाक निववायच्या वाफ्यात ओततात. तिथं तो घोटत घोटत निवतो, दाणा धरतो, आणि साच्यात भरल्यावर काही तासांत टणक होतो. त्या ढेपेला आमच्याकडे रवा म्हणतात. चांगल्या रव्यावर टिचकी मारली तर टक्क वाजतं. मामाचे रवे दुसऱ्या दिवशीही मऊ असायचे, बुडाशी पसरायचे, आणि तुकडा मोडला की दोन्ही तुकड्यांमध्ये बारीक तार ओढली जायची. एका अडत्यानं अख्खी गाडी परत पाठवली. त्या गाडीबरोबर मामाची झोपही गेली.

गुऱ्हाळात गूळ बिघडला की पहिलं बोट गुळव्याकडे जातं. आमच्या तात्यांनी बावीस हंगाम याच काहिलीवर काढले होते. पाकाच्या बुडबुड्यांचा आवाज ऐकून ते जाळ कमी करायला सांगायचे. पण त्या महिन्यात त्यांचा चुना वाढला, गुळाचा रंग उजळायची हायड्रॉस पावडर वाढली, गूळ तरीही काळपट आणि मऊच. मामानं कागलकडच्या दुसऱ्या गुळव्याशी बोलणं लावलं. मामीचा मला फोन आला तो त्यासाठी. मी बेळगावात कॉलेजला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मामी म्हणाली, "तुझं ते जंतूंचं काय असेल ते येऊन बघून जा. तात्या गेले तर परत यायचे नाहीत."

मी शनिवारी संध्याकाळी पोचले. तात्या चुलवाणाजवळ बसले होते, बोलायच्या मनःस्थितीत नव्हते. खूप वेळानं एवढंच म्हणाले, "हात तोच हाय गं. रस बदललाय." मग, मी उठायला लागले तेव्हा, "आणि सगळा न्हाई बदलत. पहिलं आदण जातंय. तिसरं-चौथं बरं निघतंय."

पुढचं सगळं प्रकरण या एका वाक्यावर सुटलं, म्हणून ते जसंच्या तसं लिहिते आहे. पूर, माती, खत, वाईट चुना, रस निवळायला घालतात ती भेंडी शिळी असणं, लोकांची नजर, यांपैकी कुठलंही कारण घेतलं तरी ते पहाटे असतं आणि दुपारी नसतं असं होत नाही. ऊस तोच, चुना तोच, हात तोच. पहाटेच्या आणि दुपारच्या आदणात फरक एकच : पहाटेच्या आदणात रात्रभर कुठेतरी थांबून राहिलेला काहीतरी भाग होता.

रात्री साडेनऊला शेवटचं आदण उतरलं. ऊस पिळणारा चरक बंद. रसाची टाकी रिकामी करून पाण्यानं विसळली, माझ्यासमोर. टाकीला काही दोष देण्यासारखं नव्हतं. पण टाकीपासून काहिलीपर्यंत रस नेणारा प्लास्टिकचा पाइप त्या वर्षी नवीन बसवलेला होता. आधीच्या वर्षापर्यंत रस उघड्या पन्हाळीतून यायचा, आणि पन्हाळ दिसते म्हणून पोरं ती घासायची. पाइप दिसत नाही. त्यातून पाणी सोडलं की तो धुतला, अशी समजूत. तो टाकीतून निघून जमिनीलगत जायचा, चुलवाणाच्या भिंतीला चिकटून वर चढायचा आणि दोन कोपरे घेऊन काहिलीच्या तोंडाशी यायचा.

पहाटे चारला मी उठले तेव्हा अंगणात थंडी चांगलीच होती. पाइपच्या त्या खालच्या कोपऱ्यावर हात ठेवला, तर तो कोमट लागला. आदल्या दिवशीच्या जाळाची भिंत रात्रभर त्याला ऊब देत होती. कोपऱ्याचा खोलगट भाग असा होता की तिथं वाटीभर रस साचूनच राहणार.

मामाला पटवून तो कोपरा करवतीनं कापायला लावला. आत जे होतं ते मी पुस्तकात अनेकदा वाचलेलं होतं, हातात कधी घेतलं नव्हतं. शिजलेल्या साबुदाण्यासारखे, पण साबुदाण्याहून मऊ, पारदर्शक-पांढरे गोळे. एकमेकांना चिकटलेले, पाइपच्या आतल्या अंगाला धरून बसलेले. बोटात घेतले तर निसटत होते. पाण्याची धार मारली तर हलत होते, सुटत नव्हते. तोडणीला विजापूरकडची टोळी होती, त्यातली एक बाई वाकून बघत म्हणाली, "लोळी." कन्नडमध्ये बुळबुळीत चिकट पदार्थाला लोळी म्हणतात. सूक्ष्मजीवशास्त्रात आम्ही या थराला 'स्लाइम लेयर' म्हणतो, त्याचा अर्थ अगदी हाच आहे.

साखर कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे गोळे नवे नाहीत. युरोपातल्या बीटच्या साखर कारखान्यांत एकोणिसाव्या शतकात याच लगद्यानं पाइप तुंबायचे, गाळण्या बंद पडायच्या. लोक त्याला बेडकाची अंडी म्हणायचे. हा चिकटपणा सूक्ष्मजीवांमुळे येतो, हे लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये दाखवलं. त्यातल्या पदार्थाला शायब्लर यांनी १८७४ मध्ये डेक्स्ट्रान हे नाव दिलं, आणि तो बनवणाऱ्या जिवाणूला व्हॅन टीगेम यांनी १८७८ मध्ये ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस म्हटलं. माणसाला हा जिवाणू आजारी पाडतो असं समजून घाबरायचं कारण नाही. आपलं इडलीचं पीठ आंबवून फुगवणाऱ्यांत तो असतोच. मातीत असतो, उसाच्या पानावर असतो, तोडलेल्या कांड्याच्या उघड्या तोंडातून तो आत शिरतो.

मी दोन बाटल्यांत गोळे घेतले आणि रसाचे चार नमुने घेतले : चरकाच्या तोंडाचा, टाकीतला, पाइपच्या काहिलीकडच्या तोंडाचा पहाटेचा, आणि तिथलाच दुपारचा. बर्फात घालून बेळगावला आणला.

सर्वांत साधी चाचणी अल्कोहोलची. रस गाळून घ्यायचा, परीक्षानळीत हळूहळू अल्कोहोल सोडायचं. लांब साखळीच्या शर्करा अल्कोहोलमध्ये विरघळून राहू शकत नाहीत, त्या बाहेर पडतात. चरकाच्या रसाला किंचित धुरकटपणा आला. उसात थोडा स्टार्च असतोच, तो बाहेर पडतो. पाइपमधल्या पहाटेच्या रसात मात्र कापसाचे पेळू तरंगावेत तसे पांढरे धागे सुटले. काचेच्या कांडीनं उचलले तर कांडीला गुंडाळले गेले. हा स्टार्च नव्हे कशावरून? एका ओळखीच्या साखर-तंत्रज्ञानं दिलेलं डेक्स्ट्रानेज नावाचं विकर (एन्झाइम) होतं, जे फक्त डेक्स्ट्रानची साखळी तोडतं. त्यात तोच रस कोमट ठेवून दुसऱ्यांदा चाचणी घेतली, तर धागे जवळजवळ आलेच नाहीत.

मग सूक्ष्मदर्शक. गोळ्याचा कण काचपट्टीवर घेऊन त्यात काळ्या शाईचा थेंब मिसळला. शाईचे कण साखरेच्या थरात शिरू शकत नाहीत, त्यामुळे पार्श्वभूमी काळी होते आणि जिवाणूभोवतीचा थर उजळ दिसतो. नेहमी एकेका पेशीभोवती बारीक कडं दिसतं. इथं एकेकटी पेशी शोधावी लागत होती. दोन-दोनच्या जोड्या, छोट्या माळा, आणि त्या सगळ्यांना कवेत घेणारा एकच उजळ प्रदेश. पेशींमधली अंतरं पेशींपेक्षा मोठी. गोळ्याच्या आकारमानात जिवाणू थोडे होते, साखर जास्त होती. गोळा म्हणजे जिवाणूंचा ढीग ही माझी स्वतःची कल्पना त्या दिवशी मोडली. तो एक साखरेचा वाडा होता आणि जिवाणू त्यात राहत होते.

हा वाडा ते कसा बांधतात, यात या विषयाचं खरं सौंदर्य आहे. उसातली साखर, म्हणजे सुक्रोज, ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. ल्युकोनोस्टॉक आपल्या पेशीबाहेर डेक्स्ट्रानसुक्रेज हे विकर सोडतो; त्यातलं काही रसात फिरतं, काही पेशीच्या पृष्ठभागालाच धरून राहतं. हे विकर सुक्रोजची जोडी तोडतं, फ्रुक्टोज सोडून देतं आणि ग्लुकोज आधीच्या साखळीच्या टोकाला जोडतं. एकामागून एक. जोडी तुटताना जी ऊर्जा मोकळी होते तीच नव्या जोडणीला पुरते, म्हणून पेशीला या बांधकामासाठी आपल्या गाठीचं काही खर्चावं लागत नाही. सुटलेलं फ्रुक्टोज ती खाते. प्रयोगशाळांत सर्वांत जास्त अभ्यासलेल्या वाणाच्या डेक्स्ट्रानमध्ये सुमारे ९५ टक्के जोड एकाच प्रकारचे, सरळ साखळीचे असतात आणि सुमारे ५ टक्के फांद्या फुटण्याचे. सरळ आणि लवचिक साखळी, मधूनमधून फांदी, रेणुभार दहा लाखांच्या कितीतरी पुढे. अशा साखळ्या एकमेकींत गुंततात, पाणी धरून ठेवतात, आणि एका पेशीवरून निघालेली साखळी शेजारच्या पेशीच्या साखळ्यांत अडकते. गुठळी तयार.

आणि हे सगळं कुठे? ताज्या उसाच्या रसाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण ५.२ ते ५.५ असतो. हे विकर नेमकं याच्याच आसपास आणि तीसेक अंश तापमानाला सर्वांत जोरात काम करतं. चुलवाणाच्या भिंतीनं त्याला ते तापमानही आणून दिलं होतं. डिसेंबरच्या थंडीत उघड्या पन्हाळीत जे रात्रभरात फारसं वाढलं नसतं, ते त्या कोमट कोपऱ्यात वाढलं.

विद्यार्थ्यांना मी या प्रकरणातल्या दोन बशा अजून दाखवते. त्याच गोळ्यातला तोच जिवाणू एका बशीत सुक्रोज घातलेल्या अगारवर वाढवला, दुसरीत ग्लुकोज घातलेल्या. ग्लुकोजच्या बशीत टाचणीच्या टोकाएवढ्या, कोरड्या, एकमेकींपासून सुट्या वसाहती. सुक्रोजच्या बशीत फुगलेले, ओघळणारे, काचेसारखे थेंब; बशी उलटी केली तर झाकणावर लोंबणारे. जीव एकच, जनुकं तीच. भोवती कुठली साखर आहे एवढ्यावर तो सुटा राहायचं की गोळा करायचा हे ठरतं. द्रव माध्यमातही तसंच : ग्लुकोजमध्ये नळी एकसारखी गढूळ, सुक्रोजमध्ये तळाशी लगदा आणि वर निवळ.

दातांवरच्या किटणात हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडते. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स सुक्रोजपासून अशाच साखळ्या बनवतो, शिवाय त्याच्या पृष्ठभागावर त्या साखळ्या पकडणारी प्रथिनंही असतात. धुऊन सुट्या केलेल्या म्युटन्सच्या पेशींत नुसतं थोडं डेक्स्ट्रान टाकलं तरी त्यांच्या गुठळ्या होतात, हे गिबन्स आणि फिट्झजेराल्ड यांनी १९६९ मध्ये दाखवलं.

पण पृष्ठभागावरची साखर म्हणजे नेहमी डिंक, असं मात्र कुणी समजू नये. विषमज्वराच्या कुळातल्या साल्मोनेलाच्या पेशीवर शर्करांच्या आखूड-लांब साखळ्यांचं बाहेरचं आवरण असतं. ते शाबूत असताना पेशी मिठाच्या पाण्यात एकमेकींपासून दूर, छान एकसारख्या पसरून राहतात. प्रयोगशाळेत पुनःपुन्हा वाढवताना ज्या पेशींचं ते आवरण हरवतं, त्या त्याच मिठाच्या पाण्यात आपोआप गोळा होतात. म्हणून पेशी गोळा होतात का हेच पाहणारी प्रतिद्रव्याची चाचणी लावण्याआधी नुसत्या मिठाच्या पाण्याशी तुलना करून बघावीच लागते. तिथं साखर पेशींना वेगळं ठेवते, इथं एकत्र आणते. साखळी किती लांब, तिच्यावर विद्युतभार आहे की नाही, शेजारणीवर तिला पकडणारं काही आहे की नाही, यावर सगळं ठरतं. डेक्स्ट्रानवर भार नाही, साखळी प्रचंड लांब. ती दूर ढकलत नाही, गुंतवते.

गंमत अशी की गुळव्या स्वतः रोज याच तत्त्वावर काम करत असतो. रानभेंडी ठेचून तिचा चिक रसात घालतात, तो चिकही बहुशर्कराच. रसातली माती, प्रथिनं, तंतू त्याच्या साखळ्यांत अडकून एकत्र येतात आणि मळी होऊन वर तरंगतात. गुळव्या ती झाऱ्यानं काढतो. तात्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना पाइपमधला प्रकार एका क्षणात समजला. "म्हंजे हे भेंडीचंच काम, पन उलटं," ते म्हणाले. भेंडीच्या जाळ्यात घाण अडकते आणि बाहेर जाते. जिवाणूंच्या जाळ्यात ते स्वतः बसतात आणि आत राहतात.

मामाची शंका अगदी रास्त होती. "रस रटारटा उकळालाय, त्यात जंतू कुठला वाचतोय?" काहिलीत खरंच कुणी वाचत नाही. गूळ उतरवताना पाक ११८ अंशांच्या आसपास पोचतो. जिवाणू मरतात, त्यांचं विकरही नासतं. पण रात्रभरात तयार झालेली साखळी उकळून जात नाही. ती रसाबरोबर काहिलीत येते आणि पाकात राहते. तिच्यामुळे पाक घट्ट आणि चिवट होतो, सुक्रोजचे रेणू दाण्याकडे सरकायला वेळ लावतात. साखळ्या दाण्यांच्या काही बाजूंना चिकटून तिथली वाढ अडवतात, म्हणून दाणा आखूड-गोल न होता लांबट, सुईसारखा होतो. कारखान्यात अशा लांबट दाण्यांवरूनच डेक्स्ट्रानचा संशय येतो. आणि रव्याचा तुकडा मोडल्यावर ओढली जाणारी तार? ती हीच साखळी.

एवढ्यावर भागत नाही. जिवाणू फ्रुक्टोज खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात, रस आंबूस होतो. आम्लात उकळलेलं सुक्रोज फुटतं, त्यातून सुटलेल्या साध्या साखरा हवेतलं पाणी ओढतात, गूळ आणखी ओला होतो. आंबट रस मारायला गुळव्या चुना वाढवतो, चुना जास्त झाला की गूळ काळवंडतो, मग रंगासाठी हायड्रॉस वाढतं. तात्यांच्या हातून जे जे जास्त पडत होतं त्याचा क्रम आता उलटा वाचता येत होता. ते चुका करत नव्हते, प्रत्येक वेळी समोर आलेल्या रसाला बरोबर उत्तर देत होते. मी हे मामाला कागदावर बाण काढून दाखवलं. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला, मग कागलचा फोन लावून नको म्हणाला. हे लिहिताना मला आजही बरं वाटतं.

आता उपाय. मामानं लगेच ब्लीचिंग पावडर आणायची तयारी केली. ते करण्याआधी मी प्रयोगशाळेत एक तुलना केली, आणि सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच. एक गोळा अख्खा आणि दुसरा तेवढाच गोळा नीट चुरडून, दोन्ही ब्लीचिंगच्या सारख्याच द्रावणात दहा मिनिटं ठेवले; मग थायोसल्फेटनं क्लोरीन मारून बशीवर पसरले. चुरडलेल्या गोळ्यातून काही उगवलं नाही. अख्ख्या गोळ्याच्या पोटातून दोन दिवसांत भरगच्च वाढ आली. क्लोरीन वरवरच्या साखरेत आणि वरच्या पेशींतच खर्ची पडलं होतं. अख्खा गोळा कोमट पाण्यात तासभर ठेवूनही तसाच राहिला. डेक्स्ट्रानेज घातलेल्या कोमट पाण्यात मात्र संध्याकाळपर्यंत त्याचा आकार गेला, तळाशी नुसता गाळ उरला. साखरेची वीण सोडवली की गोळा राहत नाही, आणि गोळा राहिला नाही की औषध पोचतं.

मोठे कारखाने गरजेप्रमाणे रसात डेक्स्ट्रानेज घालतात. आमच्या गुऱ्हाळाला ते परवडणारं नव्हतं आणि गरजही नव्हती. हवा होता एक ब्रश आणि थोडा वेळ. पाइप काढून टाकला, पन्हाळ परत आली, चुलवाणापासून हातभर लांब. टाकीच्या तळाला उतार दिला. रोज रात्री शेवटचं आदण उतरलं की आधी नारळाच्या काथ्यानं घासायचं, मग चुलवाणावरचं कडकडीत पाणी, मग चुन्याची निवळी फिरवून टाकी उघडी ठेवायची. घासणं आधी, पाणी नंतर; हा क्रम मी भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला, कारण लोक नेमका उलटा करतात. घासल्याशिवाय ओतलेलं गरम पाणी गोळ्याच्या बाहेरच्या अंगाला लागतं आणि वाहून जातं.

दुसरा बदल अवघड होता : ऊस. पुरानंतर रस्ते आणि टोळ्या दोन्हींचं वेळापत्रक कोलमडलं होतं, तोडलेला ऊस गुऱ्हाळाच्या दारात दोन-दोन, तीन-तीन दिवस पडून असायचा. तोडलेल्या तोंडातून ल्युकोनोस्टॉक आत जातो आणि उसाच्या पोटातच साखळ्या विणू लागतो. चिखलानं माखलेल्या कांड्यांवर तर तो आधीच बसलेला असतो. चोवीस तासांच्या आत गाळप हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. तो पाळायचा तर रोज उद्याच्या आदणांपुरताच ऊस तोडायला लागतो, आणि टोळीला एका दमात फड संपवायचा असतो. मामानं टोळीच्या मुकादमाशी बसून, रोजच्या फेरीचे थोडे जास्त पैसे कबूल करून ते जमवलं. सगळे दिवस जमलं नाही.

निकाल कसा आला ते जसं आहे तसं सांगते. पन्हाळ बसवल्यानंतर चौथ्या दिवशी पहिल्या आदणाचा रवा दुपारच्या रव्याइतकाच बसला. तार गेली. तात्यांचा चुना जुन्या मापावर आला. पण नदीच्या अगदी काठच्या, पाण्यात बुडालेल्या फडाचा गूळ शेवटपर्यंत मऊच राहिला, दुपारचा असो की पहाटेचा. त्या उसात आधीच साखर फुटलेली होती, शेंड्यांना कोंब आले होते. तिथं पाइपचा काही संबंध नव्हता. त्या फडाची मामानं काकवी काढली आणि ती बेळगावात ओळखीपाळखीत गेली. पुरानं बिघडवलं आणि पाइपनं बिघडवलं, ही दोन दुखणी एकाच हंगामात एकमेकांवर चढली होती. पूर सगळ्यांना दिसत होता, म्हणून पाइपकडे कुणी बघितलं नाही.

कापलेला तो कोपरा मी कॉलेजात फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवला आहे, आतल्या गोळ्यांसकट. तात्या अजून त्याच काहिलीवर आहेत. पहाटे पहिला रस सोडायच्या आधी ते पन्हाळीच्या तोंडाशी दोन बोटं रसात बुडवतात, अंगठ्याला टेकवून हळू लांब नेतात आणि मध्ये तार येते का ते कंदिलाच्या उजेडात बघतात. आली नाही तर चुलव्याला जाळ घालायला सांगतात.